बुरशीच्या एन्झाइमवर आयुष्यभराचं काम होतं का, आणि आकडे का हलतात?

प्रश्न असा आहे: "एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालंय. मातीतून काढलेल्या ट्रायकोडर्मापासून गव्हाच्या कोंड्यावर सेल्युलेज (सेल्युलोज फोडणारं एन्झाइम) बनवतेय. दर बॅचला आकडा वेगळा येतो, एकदा १८ युनिट तर एकदा ७. गाइड म्हणतात याच विषयात पीएच.डी. कर. बुरशीच्या एन्झाइमवर संशोधनाची अख्खी कारकीर्द उभी राहू शकते का? आणि आकडे का हलतात?"

कारकीर्द उभी राहते, राहिलेलीही आहे. पण ज्यांची राहिली त्यांनी एक स्ट्रेन (बुरशीचा एकच वंश) जिवापाड सांभाळली आणि एक ॲसे, म्हणजे एन्झाइमची ताकद मोजायची चाचणी, असा बसवला की दुसऱ्या प्रयोगशाळेने डोळे मिटून त्याच्यावर विसंबावं. तुमचा आकडा १८ आणि ७ मध्ये हेलपाटे घालतोय, म्हणजे यातलं एकही अजून बसलेलं नाही. ते बसेपर्यंत विषय नक्की करण्याची घाई करू नका.

या क्षेत्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकी लष्कराच्या नॅटिक प्रयोगशाळेचं, मॅसॅच्युसेट्समधलं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट बेटांवर सैन्याचे तंबू आणि कॅनव्हास बघता बघता कुजायचे. सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हिल बेटावरच्या अशाच कुजक्या सुती कापडावरून एक ट्रायकोडर्मा वेगळी केली गेली. तिचा क्रमांक क्यूएम ६ए. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर, सैन्याचं रसद खातं. एल्विन रीस आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये एक साधी पण खोल गोष्ट मांडली: सीएमसीसारखं विरघळणारं सेल्युलोज फोडणाऱ्या बुरशा ढीगभर सापडतात, पण कापसाच्या स्फटिकी सेल्युलोजला हात घालणाऱ्या थोड्याच. म्हणजे या थोड्यांकडे काहीतरी जास्तीचं आहे. त्याला त्यांनी सी-१ म्हटलं. ते नेमकं काय, यावर पुढची कित्येक वर्षं वाद झाले. २०१० मध्ये सेल्युलोजसारख्या बहुशर्करांची साखळी ऑक्सिडेशनने तोडणारी एन्झाइम्स, म्हणजे एलपीएमओ, उजेडात आली, तेव्हा त्या साठ वर्षांपूर्वीच्या कल्पनेकडे लोक पुन्हा आदराने बघू लागले.

रीस यांच्याबरोबर मेरी मँडल्स यांनी त्याच एका स्ट्रेनवर वर्षानुवर्षं काम केलं. सोफोरोज ही साखर या बुरशीत सेल्युलेज सुरू करणारी जबरदस्त प्रेरक आहे, हे दाखवलं. आजही जे माध्यम आपण 'मँडल्सचं माध्यम' म्हणून वापरतो ते बसवलं. १९७१ मध्ये क्यूएम ९४१४ ही जास्त एन्झाइम देणारी म्यूटंट जाहीर केली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि कापड कुजू नये म्हणून सुरू झालेलं काम काड-कचऱ्यातून साखर काढण्याकडे वळलं. १९७७ मध्ये त्या बुरशीला रीस यांचं नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसाय. पुढे रटगर्स विद्यापीठात मॉन्टेनकोर्ट आणि एव्हले यांनी क्यूएम ६ए वर आधी यूव्ही किरण, मग नायट्रोसोग्वानिडीन हे जनुकं बदलणारं रसायन, मग पुन्हा यूव्ही असे तीन टप्पे करून रट-सी३० काढली. तिच्यात ग्लुकोजचा लगाम ढिला झालेला आहे, कारण क्रे-१ हे जनुकच तुटलेलं आहे. २००८ मध्ये जिनोम प्रसिद्ध झाला आणि कळलं की एवढ्या नावाजलेल्या बुरशीत सेल्युलेजची जनुकं इतर बुरशांच्या मानाने कमीच आहेत. तिची ताकद जनुकांच्या संख्येत नसून प्रथिन बाहेर फेकण्याच्या क्षमतेत आहे. आज उद्योगात चालणाऱ्या या जातीच्या स्ट्रेन याच एका क्यूएम ६ए च्या वंशातल्या.

आपल्याकडेही हा विषय नवा नाही. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) १९८० च्या दशकात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसमच्या सेल्युलेजवर बरंच काम झालं. ट्रायकोडर्मात बीटा-ग्लुकोसिडेज, म्हणजे सेलोबायोज या जोडसाखरेचं ग्लुकोज करणारं एन्झाइम, तोकडं पडतं, पेनिसिलियममध्ये ते बऱ्यापैकी असतं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. बुरशीच्या ओळखीसाठी आणि जतनासाठी आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय बुरशी संग्रह, औद्योगिक स्ट्रेनसाठी एनसीएलमधला एनसीआयएम हा संग्रह, दोन्ही पुण्यातच. चंडीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीव संग्रह आहे. यातलं कुठलंतरी दार तुम्हाला लवकरच ठोठवावं लागणार आहे, कारण तुमच्या प्रयोगात अजून एक गोष्ट दिसत नाही: तुलनेसाठी प्रमाण स्ट्रेन. क्यूएम ९४१४ किंवा रट-सी३० मागवा आणि प्रत्येक बॅचला आपल्या बुरशीशेजारी लावा. दोन्हींचे आकडे एकदमच पडले तर दोष कोंड्यात किंवा ॲसेत. प्रमाण स्ट्रेन स्थिर आणि तुमची हलली तर दोष तुमच्या स्ट्रेनमध्ये. एवढ्या एका फ्लास्कने निम्मी शोधाशोध वाचते.

स्ट्रेनपासूनच सुरू करू. मातीतून बुरशी काढताना बहुतेक जण सीएमसी अगारवर वाढवून ०.१ टक्का काँगो रेड हा रंग १५ मिनिटं आणि मग १ मोलर मीठपाणी ओततात आणि ज्याचं वलय मोठं ती बुरशी निवडतात. इथेच फसतं. सीएमसीवरचं वलय फक्त एंडोग्लुकनेज (साखळी मधूनच तोडणारं एन्झाइम) दाखवतं, म्हणजे रीस यांनी ज्याला 'पुष्कळांकडे असतं' म्हटलं तेच. वलय मोठं म्हणजे फिल्टर पेपर ॲक्टिव्हिटी (कागद फोडायची ताकद) जास्त, असा काही नियम नाही. शिवाय ट्रायकोडर्मा इतकी झपाट्याने पसरते की वलय बुरशीखालीच झाकलं जातं, अगारमध्ये ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घातलं तर वसाहत आटोक्यात राहते. चाळणी लावायचीच तर आम्लाने फुगवलेलं सेल्युलोज किंवा सरळ फिल्टर पेपर हाच एकमेव कार्बन स्रोत ठेवा, जिवाणूंसाठी लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला आणि निवड द्रव माध्यमातल्या ॲक्टिव्हिटीवर करा.

ओळख पटवताना आयटीएस या डीएनएच्या तुकड्याच्या क्रमावर थांबू नका. ट्रायकोडर्मात जवळच्या जाती आयटीएसने वेगळ्या होत नाहीत. टेफ-१ आणि आरपीबी-२ ही जनुकं लागतातच. ॲस्परजिलसला कॅल्मोड्युलिन, पेनिसिलियमला बीटा-ट्युब्युलिन. हा खर्च सुरुवातीलाच करा. कंपोस्ट किंवा शेणखताच्या ढिगातून ४५ अंशांवर वाढणारी 'उष्णताप्रिय' बुरशी मिळाली म्हणून आनंद होतो आणि ती ॲस्परजिलस फ्युमिगेटस निघते, फुप्फुसात रोग करणारी. ॲस्परजिलस फ्लेव्हस निघाली तर अफ्लाटॉक्सिनचा प्रश्न. अशा बुरशीचं एन्झाइम कितीही चांगलं असलं तरी खाद्य किंवा पशुखाद्य उद्योग तिला दारात उभी करणार नाही.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही म्हणून इथेच सांगतो. आडव्या झोताच्या लॅमिनार फ्लोमध्ये बीजाणूंचं काम करू नका. तो झोत ताटलीवरून निघून सरळ तुमच्या तोंडावर येतो. प्लेट निर्जंतुक राहते आणि बीजाणू नाकात जातात. बुरशीसाठी क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेट हवं, आणि वाढलेला कोंडा ट्रेमधून काढताना एन-९५ मास्क. बीजाणू आणि एन्झाइमची भुकटी दोन्हींमुळे दमा जडतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की त्या खोलीत पाऊल टाकणंही मुश्कील होतं. कारकिर्दीचा प्रश्न विचारलाय म्हणून हे जास्त महत्त्वाचं.

आता जतन. पीडीए स्लँटवरून (बटाट्याच्या अगारची तिरकी नळी) स्लँट असं वर्षभर करत राहिलात तर बुरशी 'उतरते': बीजाणू कमी, पांढरा कापूस जास्त, एन्झाइम निम्मं. माध्यमावर आरामात जगणाऱ्या पेशी पुढे सरकतात आणि मेहनती मागे पडतात. म्हणून एका बीजाणूपासून वाढवलेली वसाहत घ्या, तिचे बीजाणू १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये छोट्या कुप्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवा. मूळ कुप्या आणि कामाच्या कुप्या वेगळ्या. प्रत्येक बॅच कामाच्या कुपीतूनच सुरू व्हावी, मधे दोन-तीन पिढ्यांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. आणखी एक शत्रू म्हणजे माइट. हे बारीक किडे एका प्लेटवरून दुसरीवर चालत जातात आणि जाताना पायांना बीजाणू घेऊन जातात; अख्ख्या संग्रहात कुणाची बुरशी कोणती हेच कळेनासं होतं. अगारवर वेडीवाकडी, ठिपक्यांची वाट उमटलेली दिसली की ती प्लेट उघडू नका, पिशवीत घालून ऑटोक्लेव्ह करा आणि बाक अल्कोहोलने पुसून काढा. केशरी, फुलोऱ्यासारखी न्यूरोस्पोरा दिसली तरी तेच. ती एकदा इन्क्युबेटरमध्ये शिरली की महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही.

आता कोंडा. तुमच्या १८ आणि ७ मधला बराचसा फरक इथेच असण्याची शक्यता आहे.

गव्हाचा कोंडा म्हणजे काही ठरलेलं रसायन नाही. गिरणी बदलली की त्यातलं पीठ बदलतं. बारीक, पांढरट कोंड्यात स्टार्च जास्त, त्यातून ग्लुकोज सुटतं आणि ग्लुकोज असेपर्यंत ट्रायकोडर्मा सेल्युलेज बनवायला हात लावत नाही. कोंडा चाळा, बारीक पीठ काढून टाका, आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च किती उरलंय ते बघा. सगळ्या प्रबंधाला पुरेल इतका कोंडा एकाच गोणीतला घ्या, हवाबंद डब्यात थंड जागी ठेवा आणि वहीत गोणीचा क्रमांक लिहा.

ओलावा मोजून घालायचा. "१० ग्रॅमला १० मिली" हा नियम नव्हे, सवय आहे. कोंड्यात मुळात १० टक्के पाणी असेल तर १० ग्रॅममध्ये ९ ग्रॅम कोरडा भाग आणि १ ग्रॅम पाणी. ६० टक्के ओलावा हवा तर एकूण पाणी १३.५ ग्रॅम लागतं, म्हणजे वरून घालायचं १२.५ मिली, इनॉक्युलमचं (पेरायच्या बीजाणूंचं) पाणी धरून. २ मिली बीजाणूंचं द्रावण घालणार असाल तर क्षारांचं द्रावण १०.५ मिलीच. पावसाळ्यात कोंड्यातलंच पाणी वाढलेलं असतं. म्हणून दर बॅचला २ ग्रॅम कोंडा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा काढा. ६५ टक्क्यांच्या वर गेलात की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवा जात नाही, तळाशी आंबूस वास येतो आणि जिवाणू माजतात. ५० च्या खाली बुरशी वाढते पण एन्झाइम सोडत नाही.

क्षारांसाठी मँडल्सचं द्रावण पुरेसं आहे. लिटरला अमोनियम सल्फेट १.४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २, युरिया ०.३, कॅल्शियम क्लोराइड ०.३, मॅग्नेशियम सल्फेट ०.३, आणि मिलिग्रॅमांत लोह, मँगनीज, जस्त, कोबाल्ट. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० ग्रॅमपेक्षा जास्त कोंडा नको. १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. कोंड्यात बॅसिलसचे बीजाणू भरपूर असतात आणि गठ्ठा झाला तर आतपर्यंत वाफ पोचत नाही. आधी ओला करून हाताने मोकळा केलेला कोंडा नीट निर्जंतुक होतो. फार वेळ ठेवलात तर तो तपकिरी होतो आणि त्या तपकिरी संयुगांमुळे पुढे रंगमापनात त्रास होतो.

इनॉक्युलम 'एक लूप' किंवा 'एक अगार डिस्क' असं असेल तर तिथेच आकडा हलला. सात दिवसांच्या स्लँटवर ०.१ टक्का ट्वीन ८० चं पाणी ओतून बीजाणू सोडवा, निर्जंतुक कापसातून गाळा म्हणजे धागे मागे राहतील, न्यूबॉअर चेंबरमध्ये मोजा आणि ग्रॅमला एक कोटी बीजाणू या हिशेबाने घाला. २८ ते ३० अंश, पाच ते सात दिवस, दिवसातून एकदा फ्लास्क हलवून गठ्ठा मोडायचा.

फ्लास्कमधून ट्रेवर गेलात की नवा प्रश्न उभा राहतो तो उष्णतेचा. कोंडा उष्णता वाहून नेत नाही आणि वाढती बुरशी भरपूर उष्णता सोडते. थर तीन सेंटीमीटरच्या वर गेला तर खोलीचं तापमान ३० असलं तरी थराच्या मध्यभागी ४० पार होतं, आणि ट्रायकोडर्मा तिथे गप्प बसते. ॲस्परजिलस हे जास्त सोसते. म्हणून जपानी कोजीच्या परंपरेतली बुरशी ॲस्परजिलस ओरायझी ट्रेवर इतकी सुखाने वाढते. जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेलं टाका-डायस्टेज हे एन्झाइम याच बुरशीचं आणि गव्हाच्या कोंड्यावरचंच.

अर्क काढताना ०.०५ मोलर सायट्रेट बफर, पीएच ४.८, मूळ कोंड्याच्या दहापट, १५० ते २०० आरपीएमवर एक तास. मलमलच्या कापडातून पिळून १०,००० आरपीएमवर १० मिनिटं, ४ अंशांना. हिशेबाची एक चूक इथे हमखास होते: १०० मिली बफर घातला म्हणून अर्क १०० मिली धरला जातो. कोंड्यात आधीचं सुमारे १३ मिली पाणी आहे, एन्झाइम त्यातही पसरतं. आणि भाजक कोणता हे लिहा. सुरुवातीच्या कोरड्या कोंड्याच्या ग्रॅममागे आकडा वेगळा येतो आणि शेवटच्या कोरड्या वजनामागे वेगळा, कारण बुरशीने त्यातला बराच भाग कार्बन डायऑक्साइड करून उडवलेला असतो.

आता ॲसे. खरं घोडं पेंड खातं ते इथे.

फिल्टर पेपर ॲसेची सर्वमान्य पद्धत १९८७ ची, घोष यांची, आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रसिद्ध केलेली. व्हॉटमन क्रमांक १ ची १ बाय ६ सेंटीमीटरची पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम. नळीत १ मिली सायट्रेट बफर, ०.५ मिली योग्य विरळ केलेलं एन्झाइम, ५० अंशांवर आणलेलं, मग पट्टी गुंडाळून आत; संपूर्ण बुडलेली हवी. बरोबर ६० मिनिटांनी ३ मिली डीएनएस, म्हणजे साखरेबरोबर रंग देणारं द्रावण. सगळ्या नळ्या एकदम खळखळत्या पाण्यात ५ मिनिटं, लगेच थंड पाण्यात, २० मिली पाणी, कागदाचा लगदा खाली बसू द्यायचा, ५४० नॅनोमीटरला रीडिंग. ग्लुकोजचे प्रमाण नमुने याच उकळीत, याच बॅचबरोबर. कालचा ग्राफ आज चालत नाही.

आता गोम. एफपीयू (फिल्टर पेपर युनिट) हे नेहमीचं युनिट नाही. ५० मिलिग्रॅम कागदातून नेमकं २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल इतकं एन्झाइम शोधायचं आणि ०.३७ ला त्याच्या प्रमाणाने भागायचं. हा ०.३७ कुठून आला? २ मिलिग्रॅम ग्लुकोज म्हणजे ११.१ मायक्रोमोल, भागिले ०.५ मिली, भागिले ६० मिनिटं. हे एवढं वाकडं का, तर कागदाचा सोपा भाग आधी फुटतो, अवघड भाग मागे राहतो, वर सुटलेला सेलोबायोज एन्झाइमलाच दाबतो. त्यामुळे एन्झाइम दुप्पट केलं म्हणून साखर दुप्पट होत नाही.

समजा तुमच्या अर्काने, विरळ न करता, तासात ३.६ मिलिग्रॅम ग्लुकोज दिलं. सरळ त्रैराशिक केलंत तर ०.६७ युनिट. तोच अर्क दहापट विरळ केला आणि ०.९ मिलिग्रॅम आलं, तर त्याच त्रैराशिकाने १.६७ युनिट. अर्क एक, आकड्यात अडीच पटीचा फरक. आणि १८ भागिले ७ किती होतात बघा. म्हणून २ मिलिग्रॅमच्या थोडं खाली आणि थोडं वर अशा निदान दोन विरळणी लावा आणि मधला बिंदू ग्राफवरून काढा. अर्क विरळ न करताही २ मिलिग्रॅम सुटत नसेल तर एफपीयू काढताच येत नाही. तेव्हा 'अमुक स्थितीत इतकी साखर सुटली' एवढंच लिहायचं. हे न पाळता छापलेले आकडे भरपूर आहेत, त्यांच्याशी आपली तुलना करून जीव टांगणीला लावू नका.

ब्लँक दोन हवेत. एन्झाइम ब्लँक, म्हणजे एन्झाइम आणि बफर पण कागद नाही. आणि कागद ब्लँक, म्हणजे कागद आणि बफर पण एन्झाइम नाही. कोंड्याच्या अर्कात स्वतःचीच रिड्यूसिंग शुगर इतकी असते की एन्झाइम ब्लँक वजा केला नाही तर आकडा फुगतो, आणि तो किती फुगेल हे बॅचनुसार बदलतं. ब्लँकच जास्त येत असेल तर अर्क आधी डायलिसिसने किंवा जेल कॉलमवरून साखरमुक्त करा. डीएनएस काळ्या बाटलीत ठेवा. बाथचं तापमान काट्यावर बघू नका, नळीत थर्मामीटर घालून बघा. ५० ऐवजी ४७ निघालं तर नवल वाटून घेऊ नका.

बीटा-ग्लुकोसिडेज वेगळं मोजा, पीएनपीजी या रंग सोडणाऱ्या संयुगावर, सोडियम कार्बोनेटने थांबवून ४०५ नॅनोमीटरला. ते कमी असेल तर सेलोबायोज साठतो आणि एफपीयूही खाली ओढतो. ॲस्परजिलस नायजरच्या बीटा-ग्लुकोसिडेजची चिमूटभर भर घालून एफपीयू एकदम वर गेला, तर तुमची बुरशी कशात कमी पडते याचं उत्तरच मिळालं. प्रथिन मोजताना ब्रॅडफोर्ड पद्धतीला ट्वीन ८० अडथळा आणतो आणि लोरी पद्धतीला कोंड्यातली फिनॉलिक द्रव्यं. टीसीए या आम्लाने प्रथिन साकळून मग मोजलेलं बरं. ट्रायकोडर्माचा पिवळा रंग २८० नॅनोमीटरच्या रीडिंगवर विसंबू देत नाही.

द्रव माध्यमात गेलात तर पीएचकडे लक्ष ठेवा. बुरशी अमोनियम उचलते तसा पीएच घसरतो आणि ३ च्या खाली सेल्युलेज मरतं. ४.८ ते ५ च्या आसपास धरून ठेवणं फर्मेंटरमध्ये सोपं, फ्लास्कमध्ये निदान रोज मोजून लिहा.

हे सगळं बसून तीन स्वतंत्र बॅचमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत आला की विषय निवडायला बसा. तीन बॅच म्हणजे तीन वेगळी इनॉक्युलम. एकाच फ्लास्कमधून तीनदा घेतलेलं रीडिंग नव्हे. आणि स्पष्ट बोलायचं तर 'स्थानिक बुरशी, कोंडा, बॉक्स-बेंकेन (प्रयोगांची संख्याशास्त्रीय आखणी), दीडपट वाढ' हा प्रबंध आता लिहू नका. असे शेकडो झालेत, परीक्षकालाही पाठ झालेत. प्रश्न उपयोगाच्या टोकाकडून घ्या. ऊसपट्ट्यातला बगॅस (उसाचं चिपाड) अल्कलीने धुतल्यावर जे लिग्निन उरतं ते एन्झाइमला चिकटवून निकामी करतं. ते कसं टाळायचं? आंब्याच्या किंवा द्राक्षाच्या रसात पेक्टिनेज कमी पीएचला किती टिकतं? कोंबडीखाद्यासाठी फायटेज गोळी बनवतानाच्या वाफेत जिवंत राहतं का? कागद उद्योगाला झायलनेज हवं पण त्यात सेल्युलेज अजिबात नको, कारण ते धागाच खातं. या प्रत्येकात पंधरा-वीस वर्षांचं काम आहे आणि प्रत्येकात कुणीतरी गिऱ्हाईक आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची परीक्षा काढून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप; पुढची पायरी एसआरएफ) मिळवा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. फेलोशिपशिवाय या विषयात पडणं अवघड, रसायनं महाग आहेत. उद्योगात जायचं तर एचपीएलसी, म्हणजे साखरा वेगळ्या करून मोजणारं यंत्र, हातात असू द्या: एमिनेक्स एचपीएक्स-८७एच कॉलम, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल, मिनिटाला ०.६ मिली. डीएनएस सगळ्या साखरा एकत्र मोजतं, कारखान्याला ग्लुकोज किती आणि झायलोज किती हे हवं असतं. मुलाखतीत एन्झाइमच्या कमाल ॲक्टिव्हिटीपेक्षा 'द्रवरूपात ३० अंशांवर सहा महिन्यांनी किती उरली' हे विचारतात. म्हणून पहिल्या वर्षापासून एक कुपी शेल्फवर ठेवून दर महिन्याला मोजत जा. जनुक पिकिया या यीस्टमध्ये घालून एन्झाइम काढायचं ठरलं तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या, आणि पिकिया प्रथिनावर जास्तीची साखर चढवते हे लक्षात ठेवा. जेलवर पट्टा अपेक्षेपेक्षा वर आणि पसरट दिसतो तो त्यामुळे.

शेवटचं काम कागदाचं, आणि ते सगळ्यात जास्त राहून जातं. भारतातल्या मातीतून काढलेली बुरशी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली येते. परदेशातल्या सहकाऱ्याला स्लँट पाठवण्याआधी कायद्यातली परवानगीची प्रक्रिया पाहा, आणि तिच्यावर आधारलेल्या शोधाचं पेटंट मागायचं तर ते मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. पेटंटसाठी स्ट्रेन बुडापेस्ट करारातल्या मान्य संग्रहात ठेवावी लागते. देशात चंडीगडचं एमटीसीसी आणि पुण्यातलाच आणखी एक सूक्ष्मजीव संग्रह, एमसीसी, हे त्यासाठी आहेत. साध्या शोधनिबंधासाठीही संग्रहातला क्रमांक आणि जनुकक्रमाचा क्रमांक पेपर पाठवायच्या आधीच मिळवून ठेवा. जमा केलेल्या स्ट्रेनची शुद्धता आणि ओळख तपासून क्रमांक यायला आठवडे जातात, आणि मातीचा नमुना कुठल्या गावच्या शेतातून, कोणत्या तारखेला घेतला हे त्या फॉर्मवर विचारलेलं असतं.